भागोजी मुंबईला गेला

कार्तिक लागला तसं निवेकोंडातलं भात एकदमच पिकलं. लवकर पिकणारं हळवं आणि उशिराचं गरवं एकाच आठवड्यात विळ्याखाली आलं, आणि कुणाला पाठ सरळ करायला सवड मिळेना. सकाळी मळ्यात धुकं इतकं दाट असायचं की राहीच्या लुगड्याचा ओचा गुडघ्यापर्यंत भिजायचा. न्याहारीच्या वेळेपर्यंत तेच लुगडं उन्हानं कडक होऊन मांड्यांना घासायचं.

भागोजी पुढं कापत होता. राही त्याच्यामागून पेंढ्या बांधत होती आणि त्यांची पोर मैना भारे डोक्यावर घेऊन खळ्याकडं खेपा घालत होती. मैनेचं लग्न माघात ठरलं होतं, नदीपलीकडच्या गावात. घरातलं हे तिचं शेवटचं कापण. हे तिघांनाही ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

एक पेंढी आवळताना राहीच्या तळहाताला ओलं लागलं. तिनं हात उघडून पाहिला तर रक्त. आधी तिला वाटलं आपल्यालाच कापलं. मग तिनं मागच्या पेंढ्या पाहिल्या. चार पेंढ्यांच्या बुडख्यांना रक्त लागलं होतं, आणि पुढं भागोजीच्या मुठीतून ते थेंबथेंब गळत होतं. तो मात्र ओळ सोडत नव्हता. तोंडानं मृदंगाचे बोल घोळवीत कापत चालला होता.

"अवो, थांबा," राही म्हणाली. "हात बघा तुमचा."

भागोजीनं डावा हात वर केला. करंगळीचं पेर विळ्यानं हाडापर्यंत उघडलं होतं. त्यानं ते दुसऱ्या कुणाचं बोट पाहावं तसं पाहिलं.

"लागला वाटतं," तो म्हणाला. त्यानं मूठभर माती जखमेवर दाबली आणि पुन्हा वाकला.

राही पुढची पेंढी बांधायला वळली. पण त्या दिवशी तिच्या हातून पेंढ्या नीट आवळल्या गेल्या नाहीत. भारे वाटेत सुटले, आणि मैना दोनदा कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोडणी थांबवून भागोजी खळ्याच्या कडेला आंब्याच्या सावलीत कुशीवर आडवा झाला. अंगात काही नव्हतं. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, हाताच्या पंजाएवढा एक फिकट चट्टा होता. गेल्या वर्षी तो दिसला तेव्हा राहीनं गजकर्ण समजून टाकळ्याचा पाला वाटून लावला होता. आता तिनं शेजारच्या करवंदीचा एक काटा मोडला आणि त्याच्यामागं जाऊन बसली.

"यंदाच्या जत्रेला रघूला झांज देऊ नका म्हनावं," भागोजी पाठमोराच सांगत होता. "तो घाई करतो. गवळनी नाचायला येन्याआधीच पुढं धावतो."

राहीनं काटा चट्ट्यावर टेकवला आणि दाबला.

"त्याचा हात चांगला हाय तसा. पन धीर नाय."

तिनं काटा आणखी आत घातला. रक्ताचा बारीक टिपूस आला. तिनं जागा बदलून पुन्हा टोचलं, आणि मग तिसऱ्यांदा. भागोजीच्या पाठीचं कातडं हललं नाही. तो रघूबद्दल बोलतच होता. रघू त्याचा चुलतभाऊ. त्याला भागोजीनंच शिकवलं होतं.

राहीनं चौथ्यांदा टोचलं. काटा चट्ट्याच्या बाहेर निसटला आणि चांगल्या कातडीत घुसला, तसा भागोजी चमकून उठून बसला. त्यानं तिच्या हातातला काटा पाहिला. मग पाठीवर हात फिरवून बोटांना लागलेलं रक्त पाहिलं.

 खळ्यावर मैना सुपानं भात वारवत होती आणि कोंडा उडून त्यांच्या अंगावर येत होता.

"तुमाला ठाव व्हतं," राही म्हणाली.

"दोन वर्सां झाली." भागोजीनं डावा हात मांडीवर ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळली होती, आणि दुसऱ्या हातानं सरळ केली तरी सोडताच परत वळत होती. "आधी मुंग्या यायच्या. मग त्यापन बंद झाल्या."

"बोलला नाय ते."

"बोलून काय केलं असतंस?"

त्या रोगाचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही. पाच वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या एकाला रगतपिती उठली होती. त्याला कातळावर खोपटं बांधून दिलं होतं, भाकरी दगडावर ठेवून माणसं मागं फिरत, आणि त्याच्या दोन्ही पोरी बिनलग्नाच्या राहिल्या. थोरलीनं विहीर जवळ केली. हे सगळं दोघांच्याही डोळ्यांपुढं होतं.

"जत्रेला वाजवू नका," राही शेवटी म्हणाली. "ताप आला म्हनून सांगते मी."

"मैनेची सासू येनार हाय जत्रेला. तिचा सगळा गोतावळा येनार. पहिली थाप आपल्या घरची. मी नाय उभा ऱ्हायलो तर पहिला तीच इचारील, काय झालं म्हनून." तो थांबला. "आनि माला वाजवायचं हाय गो. बोटास्नी कळत नाय, पन मृदुंग अजून बोलतो. कानानं वाजवतो मी आता. यावर्सी वाजवतो, मंग तू म्हनशील तसं."

राहीला नाही म्हणता आलं नाही. पुढं कितीतरी वेळा तिनं या दुपारचा विचार केला. तेव्हाच पदर पसरून पाय धरायला हवे होते, असं तिला वाटायचं. पण त्या वेळी समोर झोडायच्या पेंढ्यांची उडवी उभी होती, पोर बघत होती, आणि ती उठून कामाला लागली.

पौर्णिमेला दुपारपासूनच देवळाच्या आवारात माणसं जमली. खाजाची, चण्या-कुरमुऱ्याची दुकानं लागली. जांभ्याच्या दीपमाळेवर पोरं वातीच्या पणत्या मांडत चढली होती. मैनेची होणारी सासू येसूबाई चार बायका घेऊन आली. धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू. तिनं मैनेला हनुवटी धरून वर बघायला लावलं आणि बरोबरच्या बायकांना दाखवलं.

"बापूस मृदंग्या हाय हिचा," ती म्हणाली. "आमच्या गावापर्यंत नाव हाय त्याचं."

अंधार पडता पडता दीपमाळ पेटली. गावचा मुख्य मानकरी गंगाराम यानं गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, आणि देवांचं नमन गाणारे-वाजवणारे ओळीनं उभे राहिले. कमरेला मृदंग बांधलेला भागोजी मधोमध होता, त्याच्या डाव्या अंगाला रघू झांज घेऊन. घरून निघताना राहीनं करंगळीला चिंधी घट्ट बांधून दिली होती. आता तिनं पाहिलं, ती चिंधी भागोजीनं सोडून कमरेला खोवली होती. चिंधीनं नाद बसला असता.

पहिली थाप पडली आणि आवार गप्प झालं.

राहीनं लग्न होऊन आल्यापासून अठरा जत्रा पाहिल्या होत्या. पण त्या दिवशी भागोजीनं वाजवलं तसं तिनं कधी ऐकलं नव्हतं. धरतरीचं नमन झालं, गावदेवीचं झालं, चारी दिशांचं झालं, आणि थाप वाढतच गेली. झांजवाले मागं पडायला लागले. म्हातारे माना डोलवायचे थांबून नुसतेच बघत राहिले. भागोजीचं तोंड वर होतं, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ. येसूबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं.

मग राहीला दिसलं. मृदंगाच्या डाव्या तोंडावर लावलेला कणकेचा गोळा पांढरा राहिला नव्हता. मशालीच्या उजेडात तो आधी काळपट वाटला. भागोजी बाजू बदलून वळला तेव्हा तो लाल दिसला. त्याच्या धोतरावर, मांडीपासून पायापर्यंत, शिंतोडे उडाले होते. करंगळीची जखम उघडली होती आणि बाकीच्या बोटांची कातडीही फाटली असावी. तो वाजवतच होता. ज्याला दुखतं तो थांबतो. भागोजी थांबत नव्हता, आणि ते बघणाऱ्याला कळण्यासारखं होतं.

राहीनं मान फिरवून गंगारामकडं पाहिलं. गंगाराम देवळाच्या पायरीवर उभा होता आणि तो भागोजीच्या हाताकडं बघत होता. मग त्यानं राहीकडं पाहिलं. राहीनं नजर खाली घातली.

गंगाराम पायरी उतरून पुढं आला. त्यानं दोन्ही हात वर केले. "नमन पावलं," तो मोठ्यानं म्हणाला. "आता गवळन येऊ दे. रघू, तू घे मृदुंग. भागोजीला दम खाऊ दे जरा."

रघू पुढं झाला. तशी गंगारामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो नको. देवळातला जुना घे."

भागोजीनं डोळे उघडले. आपल्या हाताकडं पाहिलं, आणि मृदंग न सोडताच आवारातून बाहेर पडून अंधाऱ्या पाणंदीला लागला. माणसांना वाटलं, पाणी प्यायला गेला. येसूबाई म्हणाली, "हात फुटंस्तवर वाजवलान बिचाऱ्यानं. अशी भक्ती पायजे."

सकाळी दव वाळायच्या आत गंगाराम खळ्यावर आला. इतर वेळी तो ओटीवर बसायचा, पानाची चंची सोडायचा. आज तो खळ्याच्या कडेलाच उभा राहिला. राहीनं तांब्या पुढं केला.

"आत्ताच पिऊन आलो," तो म्हणाला, आणि हात मागं घेतला.

राहीनं तांब्या खाली ठेवला. भागोजी उडवीला टेकून बसला होता. त्यानं हात उपरण्यात गुंडाळून घेतला होता.

"मी कुनाला बोललो नाय," गंगाराम म्हणाला. "रघूला वाटतं हात कापलेला व्हता, तो फुटला. तेच खरं धरून चालू. पन किती दिवस, भागोजी? माघात लग्न हाय. मांडवात तुझ्या हातावर पानी पडायचं, समद्यांदेखत. बोटं काय झाकनार हायस?"

"मग काय करू? तूच सांग."

"मुंबईला जा."

"गेल्या वर्सी चार महिने ऱ्हायलो, पन आता मुंबईला कोन ठेवनार माला?"

"जायचं नाय. गेला म्हनून सांगायचं." गंगाराम पायाच्या अंगठ्यानं खळ्याची सारवण उकरत होता. "गावातली निम्मी मानसं तिकडंच हायत, त्यात आनखी एक. तू घाटावर जा. तिकडं मिशनवाल्यांची वस्ती हाय या लोकांची. खायला देतात, औषध देतात म्हने. माझा एक पावना गाडीवान हाय, त्यानं बघितलीन." तो जरा थांबला. "आनि तो मृदुंग परत देवळात आनू नको."

कुणी रागानं बोललं नाही. गंगाराम आणि भागोजी एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकले होते. 

मैना धुणं घेऊन नदीवर गेली तेव्हा भागोजीनं मृदंग मागच्या परसात आणला. आपल्या आज्यानं फणसाच्या खोडातून कोरवून घेतलेलं ते खोड. त्यानं विळ्यानं वाद्या एकेक करून कापल्या. कातड्याची तोंडं सैल होऊन लोंबली. राहीनं चूल परसात मांडली होती, भात उकडायला म्हणून. त्या जाळात तिनं खोड घातलं. लाकूड जुनं, तेल प्यायलेलं, लगेच धरलं. कातडं मात्र नुसतंच आकसत राहिलं आणि त्याचा घाण वास वाडीभर गेला.

"काय जाळतंस गो?" शेजारची काशी कुंपणावरून विचारायला आली.

"उंदीर मेलेला सापडला मडक्यात," राही म्हणाली.

आठवड्यानं भागोजी निघाला, आणि राही त्याला पोचवायला. गावाला सांगितलं होतं, गिरणीत काम मिळतंय, लग्नाआधी चार पैसे गाठीला होतील. भागोजीनं हात उपरण्यात घेतला होता. मैनेनं बापासाठी नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली आणि पाया पडायला वाकली. भागोजी एकदम मागं सरला. मैना वाकलेलीच राहिली, हात रिकाम्या जमिनीवर.

"झोडनीच्या कामाला उशीर नको करू," तो उगाचच काहीतरी म्हणाला. "आयसला बघ."

हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत त्यांना दुपार झाली. इथून एक रस्ता रत्नागिरीच्या बंदराकडं, आगबोटीकडं जायचा, आणि एक मागं वळून घाटाकडं. तिठ्यावर झाडाखाली घाटावर जाणाऱ्या गाड्या सोडल्या होत्या. बैल रवंथ करत होते. गंगारामच्या पाहुण्या गाडीवानानं, सदूनं, भागोजीला ओळखलं. तो म्हणाला, गाडीत बसू देता येणार नाही, माल मिठाचा आहे, पण मागून चालत ये.

राही आणि भागोजी एका बांधावर बसली. त्यानं भाकरी सोडली नाही.

"खरी अडचन पुढं हाय," भागोजी म्हणाला. "आपल्या गावची खोली हाय मुंबईत. तिथनं मानसं येतील लग्नाला. म्हनतील, भागोजी आमाला दिसला नाय कुटं."

"मग काय सांगू?"

"सांगू नको काय. मानसं आपलं आपनच सांगतील. मानूस मुंबईला गेला आनि गावच्या खोलीवर आला नाय, तर काय म्हनतात?"

राहीला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं तोंड फिरवलं. "माझ्या तोंडातनं नाय निघायचं ते."

"तू गप ऱ्हा नुसती. नाय म्हनू नको." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "बाईच्या नादी लागलेल्या बापाची पोर लोक पत्करतात, राही. दुसरं नाय पत्करत."

लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. सदूनं बैल जुंपले. भागोजी उठला, भाकऱ्यांचं फडकं उजव्या हातात घेतलं आणि गाड्यांच्या मागं चालायला लागला. चाकांची तांबडी धूळ उडत होती. तो तिच्यात शिरला आणि दिसेनासा झाला. राही संध्याकाळपर्यंत घरी पोचली नाही. चांदणं पडल्यावर आली आणि मैनेला म्हणाली, "बोट भरून गेलेली."

पौषात मुंबईहून दोघंजण सुट्टीवर आले. त्यांनी विचारलं, "भागोजी कुटं हाय?" पाच दिवसांत ती गोष्ट पाणवठ्यावर आली. राही घागर बुडवायला गेली की बायका गप्प व्हायच्या. एक दिवस काशीनं सरळच विचारलं.

"पत्र येतं का गो भावजीचं?"

राहीनं घागर कमरेवर घेतली. "नाय."

"एकबी नाय?"

"नाय."

काशीनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. इतकं पुरलं. संक्रांतीपर्यंत वाडीतली पोरंसुद्धा मैनेला बघून खुसखुसायला लागली. गंगाराम वाटेत भेटला तर मान खाली घालून जायचा.

मग येसूबाई आली. या वेळी बायका नव्हत्या. एकटीच आली, ओटीवर मांडी घालून बसली. राहीनं गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. मैना आत माजघरात जात्याशी होती. जात्याची घरघर थांबली.

"आयकलं ते खरं काय?" येसूबाईनं विचारलं.

राही गप्प राहिली.

"हे बघ, बाय. मी सरळ बोलते. पुरुष मुंबईला जातो, पाय घसरतो. माझा दीर तसाच गेला. त्याचं आमाला काय वाटत नाय. पन आमच्या गावात कोन म्हनत व्हतं, जत्रेत त्याचा हात बरा दिसत नव्हता. एवढं रगत. आनि आठ दिवसांत मानूस गावातनं नाहीसा." ती पुढं वाकली. "घरात रोगबीग नाय ना काय? असला तर आताच सांग. माझा एकुलता धोंडू हाय."

राहीनं तिच्याकडं पाहिलं. गप्प राहायचं ठरलं होतं. पण गप्प राहिलं तर या प्रश्नाचं उत्तर हो असं होत होतं.

"रोग नाय," ती म्हणाली. "बाई हाय."

"कोन?"

"चिमा म्हनून हाय." नाव कुठून तोंडात आलं ते राहीला कळलं नाही. पण एकदा आलं आणि पुढचंही येत गेलं. "गिरनीत काम करते. घाटावरची हाय. गेल्या वर्सी पन गेलेले ना चार महिने, तवाच जुळलान. माला ठाव व्हतं. लग्नापर्यंत कळ काढा म्हटलं, पाय धरले, तरी गेले."

"गोरी हाय?"

"हाय," राही म्हणाली. "माझ्यापरास तरनी हाय."

आणि ती रडायला लागली. ते रडू खरं होतं. येसूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पुरुषाची जात," ती म्हणाली. "रडू नको. लग्न व्हईल. मान तेवढा आमी म्हनू तसा करा. बापूसच नाय तर तुमी आता वरचढपना करू नका."

ती गेल्यावर राही आत आली. मैना जात्यापुढं तशीच बसली होती. खुंटा हातात, पीठ मांडीवर सांडलेलं.

"म्हनून पाया पडू दिलान नाय माला," मैना म्हणाली. "लाज वाटली असंल."

राहीचं तोंड उघडलं. सगळं ओठापर्यंत आलं होतं. तिला वाटलं, एक वाक्य, आणि पोर बापाची होईल. पण महिन्याभरानं पोर सासरी जाणार होती. तिथं रागाच्या भरात, बाळंतपणात, तापात, कधी ना कधी ते तिच्या तोंडून निघालं असतं.

"पीठ भर," ती म्हणाली. "सांडलंय."

लग्न झालं. कन्यादान रघूनं केलं. येसूबाईच्या मंडळींनी पंगतीत दोनदा भात परत पाठवला आणि राहीनं दोनदा हात जोडले. भटजीनं विधीत वडिलांचं नाव विचारलं, तर मैनेनं उत्तर दिलं नाही. रघूनं सांगितलं.

पावसाळा राहीनं एकटीनं काढला. नांगर रघू धरायचा, बाकीचं तिचं. चिखलणीत तिच्या पायाला कुजकं लागलं, भादव्यापर्यंत ती लंगडत होती. पायाला दुखायचं, ठसठसायचं, आणि रोज सकाळी ती त्या जखमेवर अंगठा दाबून बघायची. कळ आली की तिला हायसं वाटायचं. मग लाज वाटायची.

पुन्हा कार्तिक लागला, भात पिवळं झालं. राही रस्त्याकडच्या तुकड्यात कापत होती तेव्हा बांधावर एक गाडी थांबली. गाडीवान सदू उतरून पाणी मागायला आला. डोक्याला फडकं बांधलेली, उन्हानं करपलेली बाई; वर्षापूर्वी तिठ्यावर पाहिलेली राही त्याला ओळखू आली नाही.

"निवेकोंडातल्याच ना तुमी?" पाणी पिऊन त्यानं विचारलं. "राही म्हनून कोन हाय हितं? भागोजीची बायको?"

"कशाला?"

"निरोप हाय. मिशनच्या वस्तीतल्यांनी दिला." त्यानं तोंड पुसलं. "तो गेला. नवरात्रात. ताप आला व्हता म्हने, चार दिवसांत आटपला. शेवटी बोटं पार वळलेली, तरी मनगटानं पत्र्याचा डबा वाजवायचा, मानसं जमायची. जाळला का पुरला ते इचारायचं ऱ्हायलं माझ्याकडनं."

राहीनं तांब्या त्याच्या हातून घेतला.

"सांगाल का तिला? माला पुढं जायचं हाय."

"सांगते मी," राही म्हणाली.

गाडी गेली. राही पुन्हा ओळीला लागली. तिनं सूर्य मावळेपर्यंत कापलं. आंघोळीला बसली तेव्हा तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, इतकंच. सकाळी फणी-करंड्याची पेटी उघडून ती बराच वेळ बसली. कुंकू लावलं नाही तर काशी विचारणार. मुंबईला तर कुणी मेलेला नव्हता. मुंबईला भागोजी चिमाबरोबर सुखानं राहत होता, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं कुंकू लावलं.

त्रिपुरी पौर्णिमेला मैना जत्रेला आली. सातवा महिना होता, चेहरा भरला होता. राहीनं तिच्या हाताची बोटं हातात घेतली, एकेक चाचपली, आणि तळव्याला हळूच नख लावलं.

"आये, दुखतं," मैना हसत हात काढून घेत म्हणाली.

दुपार कलली होती. देवळाच्या आवारात रघू नव्या मृदंगाच्या वाद्या ताणत बसला होता. दुकानांच्या ओळीत कासाराभोवती बायकांची गर्दी होती. मैनेनं हिरवा चुडा भरून घेतला आणि आईला पुढं ओढलं.

"हिला पन भरा, मामा. बघा हात कसा हाय, दोनच कांकनं ऱ्हायलीत, तीबी पिचकी."

"माला नको," राही म्हणाली.

"का नको?" मैनेचा आवाज चढला. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. काशीही होती त्यांत. "तो तिला भरत असंल तिकडं कोपरापर्यंत. तू का उघड्या हातानं फिरायचंस? त्याच्या नावानं नको भरू. माझ्या पोटातल्याच्या नावानं भर."

"भर गो," काशी म्हणाली. "पोर बोलते तर."

राही कासारापुढं बसली. त्यानं तिचा उजवा हात घेतला, बोटं एकत्र दाबली. हात लाकडासारखा ताठ होता.

"सैल सोड, बाय," कासार म्हणाला. "नाय तर फुटंल."

तिनं हात सैल सोडला. एकेक करून बांगड्या हाडावरून सरकत गेल्या. उजव्या हातात सात, डाव्या हातात सात. कातडी सोलवटली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण बांगड्या भरताना तसं होतंच.

शेवटची बांगडी चढली तशी रीतीप्रमाणं राहीनं वाकून नमस्कार केला.

"धन्याला उदंड औक्ष," कासार म्हणाला.

मैनेनं तोंड वाकडं केलं आणि दुसरीकडं पाहिलं.

"असू दे," राही म्हणाली, आणि उठून मागच्या बाईला जागा करून दिली.